कटाई नसलेल्या दिवसांचं पाणी

हे अजून माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. घरी नाही, धुळ्यातल्या रूमवरच्या मैत्रिणींसमोर नाही, आणि ज्या सरांना मी बारीकसारीक सगळं विचारते त्यांच्यासमोर तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. बोटं चालायला लागलीत, चालू देते. मध्ये थांबले तर पुन्हा हात लावणार नाही, माझी सवय मला माहितीये.

पण आधी एक सांगू? माझं मॉडेल भारी आहे.

हसू नका ना. खरंच भारी आहे. कॉम्प्युटरमध्ये माझ्याकडे एक अख्खा तलाव आहे. त्यात शेवाळ वाढतं, ते खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, त्यांना मासे खातात, मासे मरतात, कुजतात, त्याचं पुन्हा शेवाळाला खत होतं. आणि काठावर आपण — माणसं. आपण कपडे धुतो, म्हशी बसवतो, मोटारी लावून पाणी उपसतो, केळीला टाकलेलं खत पावसात वाहून तलावात येतं, मासे वाढावेत म्हणून पेंड टाकली जाते. या प्रत्येक कामासाठी स्क्रीनवर एक पट्टी आहे, बोटाने सरकवायची. कपडे धुणं निम्म्यावर आणा — पुढच्या उन्हाळ्यात पाणी कसं असेल ते समोर दिसतं. हिरवं, मग कमी हिरवं, मग निळं! पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी खुर्चीवरून उडी मारली होती. जिथे पाणी खराब झाल्यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, तिथे बसून कुणाच्या कामाचा किती वाटा हे दाखवणारी गोष्ट मी बनवली. मी! फैजपूरच्या केळीवाल्याची पोरगी!

हां. केळीवाल्याची. तिथेच यायचंय मला.

तलाव आमच्याच भागातला — फैजपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, नाल्यावर बांध घालून केलेला. नाव नाही सांगत. त्याच नाल्याच्या काठावर, तलावाच्या थोडं वर, आमचं पॅकहाऊस. पॅकहाऊस म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बागेत केळीची कटाई होते, घड शेडमध्ये येतात, त्यांच्या फण्या वेगळ्या करतात. फणी कापली की चीक गळतो, तो सालीवर वाळला की काळे डाग पडतात, आणि डागाचा माल परदेशी जात नाही. म्हणून फण्या आधी तुरटीच्या पाण्याच्या हौदात सोडतात, मग बुरशीच्या औषधात बुडवतात, मग खोक्यात. संध्याकाळी काम आटोपलं की हौदाचं बूच काढायचं. पाणी पाइपातून नाल्यात. नाला तलावात.

आता गंमत बघा. आमच्याकडे घरोघरी पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पिंपात तुरटी फिरवतात. पाणी नितळ होतं. म्हणजे तुरटी म्हणजे स्वच्छ! पप्पांचं म्हणणंच आहे, "तुरटीचं पाणी आहे ते, उलट साफ होईल तलाव." आणि ते मनापासून म्हणतात हं, फसवायला नाही. हौदच्या हौद तुरटी, त्यात तो सगळा चीक, त्यात औषध — एकदम सुटलं की पाणी आंबट होतं, माशाच्या कल्ल्यांवर थर बसतो, श्वास कोंडतो. हे पप्पांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्याचीच तर डिग्री घेत होते.

सुमनअक्काबद्दल सांगते आता. तिच्याशिवाय मॉडेल झालंच नसतं. अक्का आणि तिच्यासारखी काही कुटुंबं तलावात मासेमारी करायची. ठेका त्यांचा, पिल्लं सोडायची, पेंड आणि कोंडा टाकायची, जाळी लावायची. अक्काचं माहेर तिकडे पिंपळनेरकडे, इतकी वर्षं इकडे राहून बोली तीच. पाण्याचे नमुने घ्यायला मला तलावाच्या मध्ये जायचं असायचं आणि मला पोहता येत नाही. मग अक्काच्या थर्माकोलच्या तराफ्यावर मी पुढे, मांडीवर बाटल्यांची पिशवी, मागे ती वल्हं मारतेय.

"हालू नको व मॅडम," ती म्हणायची, "नहीत दोन्हीजनी मासास्ना जेवनले जासूत."

'मॅडम' हे चिडवायला. पण घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी विचारलं, ही पोरगी बाटल्यांत काय भरते, की तीच ताठ होऊन सांगायची — मोठं काम शे, तुमले नही समजाव. तिलाही ते तितकंसं समजलेलं नव्हतं. मीच तिला जाताजाता सांगायचे आणि ती "हां, हां" करायची. मासे मरायला लागले होते ना, म्हणून तिला हे काम हवं होतं. कधी कधी सकाळी तलावात पांढरी पोटं वर करून मासे तरंगायचे. तसं झालं की ती मला व्हॉइस मेसेज टाकायची — "आज परत तरंगनात व." एवढाच मेसेज. मागे पाण्याचा आवाज.

पहिल्यांदा नाल्याच्या तोंडाशी पाणी तपासलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी तारीख वगैरे काही ठरवली नव्हती, अशीच संध्याकाळी अक्काबरोबर गेले. पाण्याचा आंबटपणा मोजायचं मशीन सोडलं आणि आकडा बघून मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा सोडलं. तेच. पाणी दुधासारखं, वर फेस, आणि वास — तो वास मला ओळखायला मशीन लागत नाही हो! लहानपणापासून पप्पांच्या शर्टाला येतो. केळीच्या चिकाचा.

त्या दिवशी आमच्याकडे कटाई होती.

बाटलीत भरलेला नमुना मी ओतून दिला. बाटली विसळली. अक्का मागून म्हणाली, काय व? मी म्हटलं, काही नाही, बाटली खराब होती.

आणि मग — इथे मी जरा थांबले होते. चहा करून आले. आता लिहिते.

मग मी घरी जेवताना विचारायला लागले, "पप्पा, उद्या कटाई आहे का?"

एवढंच. बस. हेच ते. आकडे मी कधीच बदलले नाहीत, शपथ — एकही नाही. प्रत्येक नमुना खरा, प्रत्येक बाटली मी स्वतः भरलेली, प्रत्येक आकडा मशीनने दिलेला. फक्त पप्पा "नाही उद्या, व्यापाऱ्याची गाडी नाही" म्हणाले की मी दुसऱ्या दिवशी तलावावर जायचे. आणि पप्पा "हो, आहे, काऊन व?" म्हणाले की मी म्हणायचे, "असंच." आणि खोलीत बसून अभ्यास करायचे. बाहेरचा कुठला पोरगा नमुने घ्यायला आला असता तर त्याला हे जमलंच नसतं. त्याला काय माहीत गाडी कधी येते? हे फक्त त्याच घरातल्या पोरीला जमण्यासारखं होतं.

पप्पांना वाटलं पोरगी धंद्यात लक्ष घालायला लागली. खूश झाले. एकदा काकांना फोनवर सांगत होते, रोज विचारते म्हणे कटाईचं. मी आतल्या खोलीत ऐकलं. काय वाटलं मला? खरं सांगू, बरं वाटलं.

आता कॉम्प्युटरमधल्या तलावाचं एक असतं. तो हिशेब सोडत नाही. खऱ्या तलावात मासे कमी झालेत, तर त्याला कुणाच्या तरी कामावर ते टाकावंच लागतं. ज्या कामाची पट्टीच नाही त्याचा वाटाही दिसत नाही — तो बाकीच्यांवर चढतो. मी पट्ट्या थोड्याथोड्या फिरवत बसायचे, आलेखावर मॉडेलची रेघ माझ्या मोजलेल्या आकड्यांच्या ठिपक्यांवर बसेपर्यंत. हे सगळेच करतात, असंच करायचं असतं. कपड्यांची फिरवली, नाही बसली. खताची फिरवली, जरा बसली. पेंडीची फिरवली — आणि रेघ ठिपक्यांवर अशी जाऊन बसली ना! मासे ज्या दिवशी मेले तो दिवस मी घातलाच नव्हता, महिन्याची बेरीज घातली होती. दिवस घातला असता तर रेघ तुटली असती. तेही मला माहीत होतं.

मॉडेल म्हणालं, तलाव पेंडीने मरतोय. पेंड कोण टाकतं? अक्का.

मग गावात सभा झाली. जिल्ह्याच्या कार्यालयातून साहेब आलेले, सरपंच, भिंतीवर पडदा, आणि मी नवा ड्रेस घालून. काय सांगू तुम्हाला तो दिवस! पट्टी सरकवली आणि पडद्यावर तलाव हिरव्याचा निळा होत गेला, तेव्हा मागे उभी असलेली माणसंसुद्धा पुढे सरकली. साहेब म्हणाले, असं काम आपल्या भागात कुणी केलेलं नाही. टाळ्या वाजल्या. पप्पा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आजूबाजूच्यांना काहीतरी सांगतायत, आणि ते काय सांगतायत ते मला पडद्याजवळून कळत होतं. आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं?

"आमनी पोरनी बठ्ठा तलाव डबामा भरी दिन्हा!" शेजारच्या बाईला कोपर मारत अक्का म्हणत होती. अख्खा तलाव, डब्यात!

त्याच सभेत ठरलं. तलाव सुधारेपर्यंत पेंड बंद, मासेमारी बंद, ठेका बंद. साहेबांनी समजावून सांगितलं, तुमच्याच भल्याचं आहे. कुणी भांडलं नाही. कशाला भांडतील? कॉम्प्युटरने दाखवलं होतं ना. आपल्याच पोरीने दाखवलं होतं.

बाहेर निघताना अक्काने मला गाठलं. टाळ्या वाजवणारी अक्का नव्हती ती. माझं मनगट धरलं, हळूच विचारलं — कुणी ऐकू नये असं.

"म्हनजे मनाच हाते मरनात का व मासा?"

तिच्याच हाताने मेले का? तुम्ही काय उत्तर दिलं असतं? नको, नका सांगू. मी काय दिलं ते सांगते. मी तिच्या हातावर हात ठेवला. मी म्हटलं, "कुणी मुद्दाम करतं का अक्का? नकळत होतं. मनाला लावून घेऊ नको."

मी तिला माफ केलं! कळतंय का तुम्हाला? मी — तिला — माफ केलं. आणि तिने मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि तिला वाटलं मी फार मोठ्या मनाची आहे.

त्यानंतरचं सगळं माझ्यासाठी छान झालं. मॉडेलमुळे मला धुळ्यात नोकरी लागली. आता इतर तलावांसाठी, बंधाऱ्यांसाठी तेच मॉडेल वापरतो आम्ही, पट्ट्या बदलून. ते चालतं! जिथे मी सगळं खरं भरते तिथे ते इतकं खरं सांगतं की माझी मलाच भीती वाटते. एका ठिकाणी कारखान्याचं पाणी रात्री सुटतं हे मॉडेलने सांगितलं, कुणी सांगायच्या आधी. मी ऑफिसात पेढे वाटले. हे लिहितानाही मला हसू येतंय बघा, आनंदाचं. असं नको असायला ना? पण आहे.

आणि तिकडे मासेमारी बंदच. अक्काचा नवरा मुक्ताईनगरकडे दुसऱ्याच्या होडीवर जातो, आठवड्याने घरी येतो. आणि अक्का — आत्ता दिवाळीला घरी गेले तेव्हा मी पॅकहाऊसवर गेले, खोक्यांचे फोटो काढायला, उगीच. हौदाशी बायका उभ्या होत्या. त्यात अक्का. कोपरापर्यंत पाण्यात, फण्या उलटसुलट करतेय, चीक चोळतेय. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ती आमच्याकडे कामाला लागलीय. पप्पांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. उलट त्यांना वाटलं असेल, आपण तिची सोय केली.

तिचे हात पांढरे पडले होते. सुरकुतलेले, नखांच्या कडा फाटलेल्या. मी बघतेय हे तिने बघितलं आणि हसली.

"तुना बापना हौद शे, मॅडम. तू बी हात घाल, गोरी व्हई जाशी."

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. काय करणार होते?

मी निघाले नाही लगेच. निघायला हवं होतं. काम संपलं, खोकी गाडीत गेली, आणि अक्काने पप्पांना हाक मारली, "पानी सोडी देऊ का, भाऊ?" पप्पा फोनवर होते, त्यांनी हातानेच सांगितलं, सोड. ती वाकली आणि तिने बूच काढलं. हौद गुडगुडला. पांढरं पाणी पाइपातून गेलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, दमलेली, ते जाताना बघत.

धुळ्याला परत आले ती कशी आले आठवत नाही. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये एक नवी पट्टी केली: हौदाचं पाणी. कटाईच्या तारखा पप्पांना विचारायची गरजच नव्हती. दर कटाईला गाडी भरली की ते घरच्या ग्रुपवर फोटो टाकतात, आणि खाली मावशा-काका अंगठ्याचे इमोजी टाकतात. सगळे फोटो होते. आणि मासे कधी मेले ते? अक्काचे मेसेज मी कधी पुसले नव्हते. एकेक लावला. "आज परत तरंगनात व." "आज परत तरंगनात व." पप्पांच्या फोटोनंतरची सकाळ. पुन्हा फोटो, पुन्हा सकाळ. दोन्ही एकाच फोनमध्ये, इतके दिवस, माझ्याच खिशात. प्रत्येक फोटोनंतर नव्हते तरंगले — पावसाळ्यात पाणी भरपूर असताना नाही, उन्हाळ्यात तलाव उतरला की हमखास. तेही मी मॉडेलवर सोडलं. बघू म्हटलं ओळखतं का.

पेंडीची पट्टी तिच्या खऱ्या जागी आणली, तळाशी. आणि चालवलं.

आता मी ते सांगते ज्यासाठी इतकं टाइप केलं. दिवस चोरले तो भाग तुम्हाला कळलाच. हा भाग त्याहून वाईट आहे, मला वाटतं.

रेघ बसली. नुसती बसली नाही — प्रत्येक मेलेली सकाळ, दिवसासकट, मॉडेलने बरोबर दाखवली. पावसाळ्यातल्या, मासे न मारता गेलेल्या कटाया बरोबर सोडल्या, उन्हाळ्यातल्या बरोबर पकडल्या. इतकं सुंदर बसलेलं मॉडेल मी अजून कुणाचं बघितलेलं नाही. मी ओरडले! एकटीच होते खोलीत, खरंच ओरडले, "येस!" आणि नाचले, चादर ओढली गेली, पाण्याची बाटली पडली. सरांना स्क्रीनशॉट पाठवायला फोन हातात घेतला. त्यांना काय वाटेल, ते काय म्हणतील, कुठे कुठे दाखवता येईल. किती वेळ हे चाललं मी मोजलं नाही. बराच वेळ.

आणि त्या सगळ्या वेळात मला अक्का आठवली नाही.

तिच्या आवाजावर ते बसलं होतं. तिचाच मेसेज मी आत्ता ऐकला होता, मागे पाणी, मागे वल्हं. तरी नाही आठवली. नाचून झालं, खाली बसले, बाटलीचं सांडलेलं पाणी पुसायला लागले, तेव्हा आठवली.

कार्यालयाला नवा रिपोर्ट पाठवलाय, पॅकहाऊस कुणाचं ते लिहून. त्यात शूर काही नाही. इतकं छान मॉडेल कुणालाही पाठवावंसंच वाटतं. पप्पांचे दोन फोन येऊन गेलेत, मी उचलले नाहीत. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी बोलेन, तो आमच्या घरातला विषय आहे.

अक्काला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगितलं, हेही तसंच झालं म्हणायचं — जिचं होतं ती शेवटी. उद्या सकाळच्या एसटीने जाते. ती हौदाशीच असेल.

मासे तिच्या हाताने मेले नाहीत. तिने मनगट धरून मला विचारलं, तेव्हाही मला हे माहीत होतं.